आपण ज्या देशाचे नागरिक नाही तिथला नागरिकत्वाचा कायदा बदला असं म्हणायचा हक्क आपल्याला आहे का?

नेकरकाठ

नमस्कार मंडळी, एरवी मी इथे नुसता वाचक असतो पण ही गोष्ट आठ दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. २०१९ च्या फेब्रुवारीपासून स्टुटगार्टला आहे, आधी ब्लू कार्ड (नोकरीवर राहायचा परवाना) होतं आता पीआर (कायम राहायची परवानगी).

मागच्या आठवड्यात ऑफिसमधल्या एका तुर्की मैत्रिणीने सह्यांचा एक अर्ज पुढे केला. २०२४ च्या जूनमध्ये जो नवा कायदा लागू झाला त्यात चांगलं जर्मन येणाऱ्या आणि कामात वगैरे पुढे असणाऱ्या लोकांना तीन वर्षांत नागरिकत्व मिळायची सोय होती, ती २०२५ च्या ऑक्टोबरात काढून टाकली, ती परत आणा अशी मागणी. मला स्वतःला त्याचा काही उपयोग नाही, माझी पाच वर्षं केव्हाच झालीत, जर्मन भाषेची बी१ पातळी झालीय, नागरिकत्वासाठीची ती ३३ प्रश्नांची परीक्षा पण देऊन झाली, मी अर्ज करत नाही तो फक्त आपला पासपोर्ट सोडवत नाही म्हणून.

पेन हातात घेतलं आणि सही होईना. बाबांना (साताऱ्याला असतात) फोनवर सांगितलं तर म्हणाले, अरे लोकांच्या घरात राहतोस तर नीट राहा, त्यांनी घरात कोणाला घ्यायचं हे आपण सांगू नये. बाबांचं मला एकदम पटलं असं नाही पण खोडूनही काढता आलं नाही.

आणि दुसरी गोष्ट जास्त टोचतेय. डिसेंबर २०१९ मध्ये आयआयटी मद्रासला एक जर्मन एक्स्चेंज स्टुडंट होता, तो सीएए (नागरिकत्व कायद्यातली दुरुस्ती) विरोधी मोर्चात गेला आणि त्याला भारत सोडून जायला सांगितलं गेलं, आठवत असेल. तेव्हा आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचच्या ग्रुपवर मी लिहिलं होतं की बरोबर केलं, शिकायला आलास तर शीक, आमच्या देशात नागरिक कोण हे तू कोण सांगणार. हे लिहिताना मी स्वतः जर्मनीत बसलो होतो, इथे येऊन दहा महिने झाले होते. त्या दिवशी सहीच्या कागदासमोर तोच मेसेज आठवला. म्हणजे तो चूक आणि मी बरोबर असं कसं होईल? एक तर त्याला बोलायचा हक्क होता किंवा मला सही करायचा नाही. तुम्हाला काय वाटतं, खरंच मनापासून सांगा, कायद्यात बसतं का एवढंच नकोय, योग्य आहे का ते पण.

जुना_नाशिककर

तुमच्या वडिलांशी मी सहमत आहे आणि का ते सांगतो. मी बँकेत होतो, १९८३ ते ८६ गुवाहाटीला पोस्टिंग. आसाम आंदोलनाची शेवटची वर्षं आणि करार झाला ते पंधरा ऑगस्ट १९८५ हे सगळं तिथे राहून पाहिलं. आपल्याकडे बसून लोक म्हणतात आसामी माणूस बाहेरच्याचा द्वेष करतो, पण माझ्या ब्रँचमधला शिपाई मला एकदा म्हणाला होता की सर, तुमच्या गावात तुमच्याच भाषेत बोलणारे कमी पडले तर तुम्हाला झोप लागेल का? मला उत्तर देता आलं नाही. लहान समाज असतो, त्याला वाटतं की आल्यागेल्याने संख्येच्या जोरावर उद्या आपल्याच दाराची किल्ली मागितली तर आपण कुठे जायचं. ही भीती खोटी नाही हो.

आपल्या सोसायटीतच बघा, भाडेकरूला नाममात्र सभासद करतात, पाणी येत नाही म्हणून तो सेक्रेटरीकडे तक्रार करू शकतो, पण सभासद कोणाला करायचं याचा उपविधी बदला असं तो एजीएममध्ये सांगू शकत नाही. नागरिकत्वाचा कायदा हा त्या उपविधीसारखा आहे. बाकीच्या कायद्यांवर (पगार, भाडं, व्हिसाच्या रांगा) जरूर बोला, तुम्ही टॅक्स भरता. पण घराचा मालक कोण हे ठरवणाऱ्या कायद्यावर नाही. तो जर्मन मुलगा चांगला असेल, पण तुम्ही तेव्हा जे लिहिलं ते मला आजही बरोबर वाटतं आणि म्हणून आज तुम्ही सही करू नये असंही वाटतं. निदान दोन्हीकडे एकच माप.

एडिसनची_ताई

काका, सोसायटीचं उदाहरण चपखल आहे पण एक सांगा, तो भाडेकरू तिथे तीस वर्षं राहतोय, त्याची मुलं तिथेच जन्मली, आणि उपविधीत लिहिलंय की अमुक जातीचा माणूस कधीच सभासद होऊ शकत नाही, मग त्याने काय करायचं? कारण अमेरिकेत आपल्या लोकांचं अगदी असंच होतं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद नावाच्या माणसाची केस तिथल्या सुप्रीम कोर्टात गेली, तो पहिल्या महायुद्धात अमेरिकन आर्मीत होता, तरी कोर्ट म्हणालं की भारतीय माणूस कायद्यातल्या अर्थाने गोरा नाही म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. त्याच्या बाजूने जो वकील लढला त्याचं नाव सखाराम गणेश पंडित, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, वाटलं हा तर आपल्या आळीतला माणूस. निकालानंतर सरकारने आधीच नागरिक झालेल्या भारतीयांचीही नागरिकत्वं काढून घ्यायला सुरुवात केली, खुद्द पंडितांवर पण केस टाकली, ते १९१४ पासून नागरिक होते, ते लढले आणि जिंकले. पण सगळ्यांना तसं जमलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवणारे वैष्णो दास बगाई होते, त्यांचं नागरिकत्व गेलं, १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला.

मग कायदा बदलला कोणी? न्यूयॉर्कमध्ये इंडिया लीग ऑफ अमेरिकाचे जे. जे. सिंग होते, ते स्वतः अमेरिकन नागरिक नव्हते आणि होऊही शकत नव्हते, कायदाच तसा होता. ते आणि त्यांच्यासारखे दोनचार लोक वर्षानुवर्षं काँग्रेसच्या (तिथल्या संसदेच्या) मेंबरांच्या दारात जात राहिले, शेवटी २ जुलै १९४६ ला राष्ट्राध्यक्ष ट्रूमनची सही झाली आणि भारतीयांना नागरिक व्हायची वाट मोकळी झाली. कोटा किती, तर वर्षाला फक्त १०० माणसं. तेवढ्यावर पुढे दलीप सिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ ला थेट काँग्रेसवर निवडून गेले.

आता काका, तुमच्या नियमाने जे. जे. सिंगांनी गप्प बसायला हवं होतं. पण ज्यांना कायदाच आत येऊ देत नाही त्यांच्यासाठी आतल्या लोकांनी बोलावं अशी वाट बघत बसलो असतो तर मी आज एडिसनला नसते. कायदा गोऱ्या मेंबरांनीच बदलला, मत त्यांचंच होतं, हे मान्य. पण दार वाजवल्याशिवाय आतल्याला कळणार कसं की बाहेर कोणी उभं आहे?

वैदर्भी_संत्रं

ताईंनी अमेरिकेचं सांगितलं, मी नागपूरचं सांगतो, इतकं लांब जायची गरजच नाही. जरीपटक्यात माझा शाळेतला मित्र, त्याचे आईवडील सिंधमधून आले, तो तिकडेच जन्मलेला, चौथीत आमच्या वर्गात आला. आम्ही दहावीनंतर सहलीला निघालो तर हा येऊ शकला नाही कारण व्हिसा शहरापुरता, बाहेर जायचं तर परवानगी. आम्हाला तेव्हा वाटलं घरचे सोडत नसतील. कॉलेज झालं, नोकरीला लागायची वेळ आली, हा तसाच लाँग टर्म व्हिसावर, दर वेळी मुदत वाढवून घ्या, पोलिसात जा, कागद द्या. कायद्याने त्यांना अकरा वर्षं थांबायचं होतं आणि अकरा झाल्यावर पण फाईल हलेल तर शपथ.

ही माणसं काय गप्प बसली होती का? निवेदनं दिली, कलेक्टर ऑफिसला खेटे घातले, आमदार खासदार सगळ्यांकडे गेली की आमच्यासाठी नियम बदला. तेव्हा ती भारताची नागरिक नव्हतीच ना, पाकिस्तानचा पासपोर्ट होता हातात. आणि ऐकलं गेलं. २०१६ मध्ये १६ जिल्ह्यांच्या कलेक्टरांना अधिकार दिले त्यात नागपूर होतं, नंतर २०१९ च्या दुरुस्तीत अकराची पाच वर्षं झाली, नियम आले मार्च २०२४ मध्ये. म्हणजे जो सीएए, ज्याच्याविरुद्ध तो जर्मन पोरगा बोलला म्हणून त्याला घालवलं, तो कायदा ज्यांच्यासाठी आणला ते नागरिक नसलेलेच लोक होते आणि त्यांनी मागितलं म्हणून पण आला. मला तो कायदा कसा वाटतो हा वेगळा विषय आहे, त्यातून मुसलमान का वगळले याच्यावर माझं नि माझ्या मित्राचं भांडण पण झालंय. पण नागरिक नसलेल्याने मागायचंच नाही असं जर कोणी म्हणत असेल तर त्याने जरीपटक्यात येऊन त्याच्या आईला सांगावं की मावशी तुम्ही वीस वर्षं जे अर्ज केले ते करायचा तुम्हाला हक्क नव्हता. मी तरी नाही सांगू शकत.

जुना_नाशिककर

वैदर्भी, हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. जरीपटक्याच्या लोकांबद्दल मला कधी वाटलं नाही की ते दुसऱ्याच्या घरात नाक खुपसतायत, मला ते आपलेच वाटले. आता प्रश्न असा की मला ते आपले वाटले म्हणून त्यांना हक्क आणि जर्मन वाटला परका म्हणून त्याला नाही, असं मी करतोय का. विचार करतो.

पण एक फरक मी तरीही धरून ठेवतो. जो राहायला आलाय, ज्याला तिथेच राहायचंय आणि जो मागतोय ते स्वतःसाठी, त्याचं वेगळं. सहा महिन्यांसाठी येऊन जाणारा किंवा बाहेर बसून पैसा पुरवून दबाव आणणारा, त्याचं वेगळं.

मांडवीपार

काकांचा फरक बरोबर वाटतो पण गोव्यात तो पण पुरत नाही बघा. आमच्याकडे गोष्ट उलटी आहे, इथे माणूस आहे घरातलाच पण कागदाने बाहेरचा झालाय. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी जे गोव्यात जन्मले त्यांचा जन्म पोर्तुगालमध्ये नोंदवता येतो, त्यांच्या मुलानातवंडांचा पण. साष्टीत तुम्ही कुठल्याही वाड्यावर जा, दर दोन घराआड कोणीतरी लिस्बनची कागदपत्रं करून लंडनला गेलेला सापडेल. पासपोर्ट पोर्तुगालचा झाला की भारताचं नागरिकत्व आपोआप संपतं, नागरिकत्व कायद्याचं कलम ९. त्याला कोणाची सही लागत नाही की नोटीस लागत नाही.

आमच्या शेजारचे एक, जहाजावर होते, नंतर इंग्लंडला गेले, आता म्हातारपणी परत आलेत. घर आजोबांचं, चर्चच्या स्मशानात तीन पिढ्या, कोकणी सोडून घरात दुसरी भाषा नाही. आणि हे माझ्यासमोर सांगत होते की इलेक्शनच्या दिवशी बाल्कनीत बसून लोक मतदानाला जाताना बघतो तेव्हा पोटात कालवतं. ते म्हणतात भारताने दुहेरी नागरिकत्व द्यावं. ते नागरिक नाहीत, म्हणून त्यांनी हे म्हणू नये? मला ते पटत नाही. ज्याचं काढून घेतलं (बरं, त्यानेच सोडलं म्हणा) त्यालाच तर ते परत मागावंसं वाटणार, माझ्यासारख्याला कशाला वाटेल.

देऊ नये असं मला वाटतं ते मी त्यांना तोंडावर सांगितलंय. माझं म्हणणं की दोन देशांचं मत एका हातात नको, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) आहे ना, या, राहा, कितीही वर्षं राहा. त्यावर ते चिडले. पण चिडून आम्ही दोघं बोलतोय, हे महत्त्वाचं आहे ना. मी नाही म्हणू शकतो, पण त्यांनी विचारूच नये असं मी म्हणू शकत नाही.

आणि ओसीआय तरी कुठून आलं? परदेशात नागरिक झालेल्या आपल्याच लोकांनी वर्षानुवर्षं दुहेरी नागरिकत्व द्या म्हणून धोशा लावला, सिंघवी समितीचा अहवाल २००२ मध्ये आला, पहिला प्रवासी भारतीय दिवस २००३ ला झाला त्यात वाजपेयींनी घोषणा केली आणि मग घासून घासून जे उरलं ते हे कार्ड. त्यात मत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने मेडिकलला या मुलांना फक्त एनआरआय सीटवर घ्यायचं ठरवलं तर ती मुलं सुप्रीम कोर्टात गेली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये कोर्ट म्हणालं की ज्यांची कार्डं त्या तारखेच्या आधीची आहेत त्यांना हा नियम लावू नका. म्हणजे आपलं कोर्ट पण परदेशी पासपोर्टवाल्याला हे विचारायचा तुला अधिकार नाही म्हणून दारातून परत पाठवत नाही.

माइनकाठचा_म्हातारा

मी फ्रांकफुर्टला १९८८ पासून, जर्मन पासपोर्ट घेतला २००३ मध्ये. नेकरकाठ, तुझ्या कायद्याच्या भागाचं आधी सांगतो. जर्मन घटनेचं कलम १७ अर्ज करायचा हक्क देतं आणि तिथे शब्द आहे "प्रत्येकाला". जिथे फक्त जर्मनांना द्यायचं होतं तिथे "सर्व जर्मनांना" असं साफ लिहिलंय, उदाहरणार्थ सभेचं कलम ८ (सभेचा साधा कायदा मात्र परक्यांनाही परवानगी देतो). म्हणजे घटना लिहिणाऱ्यांना फरक माहीत होता आणि अर्जाच्या ठिकाणी त्यांनी मुद्दाम दार उघडं ठेवलं. बुंडेसटागच्या (जर्मन संसदेच्या) अर्जावर तुझी सही चालते, सहा आठवड्यांत ३०,००० सह्या झाल्या तर समितीपुढे जाहीर सुनावणी पण होते. आपल्याकडे भारतात घटनेचं कलम १९ (बोलण्याचं, सभेचं स्वातंत्र्य) फक्त नागरिकांना आहे, पण १४ (समानता) आणि २१ (जीवित आणि स्वातंत्र्य) सगळ्या माणसांना आहे. जाधवपूरला एक पोलिश विद्यार्थी होता, त्यालाही अशाच कारणावरून देश सोडायची नोटीस आली होती, ती कलकत्ता हायकोर्टाने मार्च २०२० मध्ये रद्द केली.

आता योग्य अयोग्य. १९९९ चा हिवाळा मी विसरणार नाही. सरकार दुहेरी नागरिकत्व आणणार होतं आणि हेसेनमध्ये (फ्रांकफुर्टचं राज्य) त्याच्याविरुद्ध सह्यांची मोहीम निघाली, आमच्या मार्केटच्या चौकात टेबल मांडलेलं, लोक येऊन विचारत होते की परदेशी लोकांविरुद्ध सही कुठे करायची. मी भाजीची पिशवी घेऊन बाजूला उभा होतो. देशभर पन्नास लाखांच्या आसपास सह्या झाल्या, फेब्रुवारीत हेसेनची निवडणूक फिरली, वरच्या सभागृहातलं सरकारचं बहुमत गेलं आणि २००० चा कायदा आला तो अर्धा होऊन. इथे जन्मलेल्या मुलांना दोन्ही मिळेल पण २३ व्या वर्षापर्यंत एक निवडा. निवडायला लावलं ती मुलं माझ्या मुलीच्या वर्गातली होती.

ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं त्यांना मत नव्हतं. १९६१ च्या करारानंतर आलेले तुर्की कामगार, त्यांची इथे जन्मलेली मुलं, यातलं कोणी त्या निवडणुकीत मत देऊ शकत नव्हतं. आणि स्थानिक निवडणुकीत तरी परक्यांना मत द्या असं दोन राज्यांनी करून पाहिलं तर घटना कोर्टाने १९९० मध्ये ते रद्द केलं, त्यात कोर्टाचं म्हणणं असं होतं की ज्यांच्यावर कायमचं राज्य होतंय आणि ज्यांना मत आहे ते एकच असावेत असं वाटत असेल तर मार्ग नागरिकत्वाच्या कायद्यातून आहे. बघ म्हणजे, कोर्ट सांगतं मत हवं तर आधी नागरिक व्हा, नागरिक व्हायचं तर तो कायदा बदला, आणि तो कायदा बदला म्हणायला गेलो की लोक म्हणतात तुम्ही नागरिक नाही तुम्ही बोलू नका. यातून बाहेर पडायला एकच फट आहे, ती म्हणजे तोंडाने मागणं.

नाशिककर साहेबांची भीती मी खोटी म्हणत नाही, आणि ठरवायचं आतल्यांनीच हेही मला मान्य आहे. पण आसामचंच पुढे बघा, ३१ ऑगस्ट २०१९ च्या एनआरसीच्या (नागरिक नोंदणीच्या) यादीतून १९ लाखांवर माणसं बाहेर राहिली. ती नागरिक आहेत की नाहीत हाच वाद. नागरिक असाल तरच बोला असं त्यांना म्हटलं तर त्यांनी तोंड उघडायच्या आधीच निकाल लागला की.

नेकरकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः वैदर्भी आणि माइनकाठचे आजोबा.

काल संध्याकाळी सही केली. करताना मैत्रिणीला त्या २०१९ च्या मेसेजबद्दल सांगितलं, ती आधी गप्पच झाली, मग म्हणाली तिचे वडील इथे जन्मून पण कितीतरी वर्षं तुर्की पासपोर्टवर आउसलेंडरबेहोर्डेच्या (परदेशी लोकांच्या परवान्यांचं ऑफिस) रांगेत उभे राहायचे आणि लहानपणी तिला वाटायचं की सगळ्यांचे बाबा तिथे जातात.

मग रात्री तो बॅचचा ग्रुप उघडला, अजून चालू आहे, लग्नाचे फोटो नि क्रिकेट. जुना मेसेज शोधायला वेळ लागला. त्याच्याखाली लिहिलं की हे मी चुकीचं लिहिलं होतं, त्याचं म्हणणं पटो न पटो, तो बोलला म्हणून त्याला घालवायला नको होतं, आणि आता मी पण इथे तेच करतोय. दोघांनी अंगठा दिला, एकाने विचारलं एकदम सहा वर्षांनी काय झालं, एकाने लिहिलं मग तिकडेच राहा.

नाशिककर काका, तुमचा राहायला आलेला आणि येऊन जाणारा हा फरक मी अजून घोळवतोय. तो मुलगा एक्स्चेंजवर होता, तो राहणार नव्हताच, तुमच्या हिशोबात तो बाहेरच पडतो. पण तरी त्याने हातात एक फलक धरला होता इतकंच ना. बाबांना अजून सांगितलं नाहीये, रविवारी फोन असतो.

जुना_नाशिककर

सांगा त्यांना. आणि ते काय म्हणाले ते इथे लिहा, मी वाट बघतो.